टपाल घेऊन उडालेला माणूस

नाशिकहून विमान सुरू झाल्याची बातमी आपण आजवर किती वेळा वाचली असेल, सांगा बरं! ओझरला प्रवासी टर्मिनल उभं राहिलं २०१४ मध्ये. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनचं छोटं विमान मुंबई-पुण्याला जाऊ लागलं. २०१८ मध्ये जेट एअरवेजनं दिल्लीची सेवा सुरू केली. एप्रिल २०१९ मध्ये अख्खी जेटच बंद पडली. २०२० मध्ये एअर डेक्कननंही गाशा गुंडाळला. मग २०२३ मध्ये इंडिगो आली आणि पुन्हा तीच बातमी, तसेच फोटो. आपल्याला आता त्याचं फारसं नवल वाटत नाही. विमान नसलं तर कसारा घाट आहेच, एसटी आहे, पंचवटी एक्स्प्रेस आहे.

पण विमान बंद पडतं तेव्हा ते चालवणाऱ्या माणसांचं काय होतं, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. माझ्या मनात तो यायला लागला तो माझ्या कामामुळे. मी गृहिणी आहे. घरचं आवरून आठवड्यातले दोन-तीन दिवस मुलींच्या शिक्षणाचं आणि बचत गटांचं काम करते. दहावी-बारावीच्या मुलींशी बोलताना पूर्वी डीएड, नर्सिंग, बँकेच्या परीक्षा हेच विषय असायचे. आता एखादी तरी मुलगी उभी राहून ठणकावून सांगते, की मला पायलट व्हायचंय. मला आनंदच होतो. मग कार्यक्रम संपल्यावर तिची आई मला हळूच बाजूला घेते. खर्च किती येतो, नोकरी लागते का, आणि लागली तर टिकते का, हे तिचे प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कमर्शिअल पायलटचं लायसन्स मिळवायला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि ते सगळं मिळून खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. पुढे एअरबस किंवा एटीआर चालवायचं तर त्या त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, त्याचे वेगळे पैसे. आमच्या ओळखीतल्या एका घरानं लेकीसाठी राहता फ्लॅट गहाण टाकला. तिच्या प्रशिक्षण संस्थेत विमानं कमी आणि विद्यार्थी जास्त. दीड वर्षाचं काम तीन वर्षांवर गेलं, आणि बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबला नाही. हे सगळं डोळ्यांसमोर असताना ‘टिकते का’ या प्रश्नाचं उत्तर मी काय देणार? ते शोधता शोधता मी येऊन पोचले जे.आर.डी. टाटांच्या आयुष्याशी. उद्योगपती जे.आर.डी. सगळ्यांना ठाऊक आहेत. मला आज सांगायची आहे ती टपालाचं सरकारी कंत्राट घेणाऱ्या आणि ते स्वतःच्या हातांनी उडवत नेणाऱ्या वैमानिकाची गोष्ट.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले सहकारी. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. लग्नानंतर ती सूनी झाली. भारतात मोटार चालवणारी ती पहिली स्त्री, असं सांगितलं जातं, आणि तेही १९०५ च्या सुमारास! पाच भावंडांत जहांगीर दुसरा. बालपण थोडं फ्रान्समध्ये, थोडं मुंबईत, थोडं जपानमध्ये. घर असं सतत हलतं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी कुटुंबाचं सुट्टीतलं घर होतं, आणि तिथेच शेजार होता लुई ब्लेरिओचा. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. त्या वाळूवर उतरणारी विमानं बघत हा मुलगा मोठा झाला. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं, तेव्हाच त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की आपण वैमानिक व्हायचं.

पण ठरवल्यासारखं घडतं थोडंच! १९२३ मध्ये आई क्षयानं गेली. जहांगीर तेव्हा १९ वर्षांचा. फ्रान्सचा नागरिक म्हणून त्याला वर्षभर लष्करात नोकरी करावी लागली. पुढे केंब्रिजला जाऊन इंजिनीअर व्हायचं त्याच्या मनात होतं. वडिलांनी त्याऐवजी मुंबईला बोलावून घेतलं आणि डिसेंबर १९२५ मध्ये टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. १९२६ मध्ये वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांचा भार अंगावर आला. डिग्री राहिली ती राहिलीच, आणि ती खंत त्यांना पुढे आयुष्यभर होती. घरच्या जबाबदारीपायी शिक्षण अर्धवट सोडावं लागणं हे फक्त आपल्यासारख्यांच्याच वाट्याला येतं असं नाही.

उडायचं वेड मात्र सुटलं नव्हतं. १९२९ च्या सुरुवातीला मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, आणि जे.आर.डी. लगेच दाखल झाले. शिक्षकाबरोबर जेमतेम साडेतीन तास उडून ते एकट्यानं विमान घेऊन वर गेले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांच्या हातात लायसन्स पडलं. त्यावर क्रमांक होता १. भारतात वैमानिक म्हणून लायसन्स मिळालेला हा पहिला माणूस. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचं नागरिकत्व सोडलं. नाशिककरांसाठी एक गंमत सांगते. याच बॉम्बे फ्लाइंग क्लबचं वैमानिक प्रशिक्षण पुढे जुहूच्या गर्दीतून आपल्या शेजारच्या धुळ्याला आलं. म्हणजे जे.आर.डीं.च्या शाळेत शिकायचं तर नाशिकच्या मुलीला आज मुंबईला जायचीही गरज नाही.

१९३० मध्ये आगाखानांनी लावलेल्या बक्षिसाची शर्यत झाली. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास जो भारतीय एकट्यानं विमान चालवत आधी पुरा करेल त्याला पाचशे पौंड. जे.आर.डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनीअर नावाचा अवघ्या सतरा-अठरा वर्षांचा मुलगा समोरून, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाच्या स्पार्क प्लगनं दगा दिला होता आणि बिचारा तिथे अडकून पडला होता. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे प्लग त्याला दिले आणि ते पुढे निघाले. शर्यत अस्पीनं जिंकली, काही तासांच्या फरकानं. हाच मुलगा पुढे हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये हवाई दलप्रमुख झाला. जे.आर.डीं.ना हरल्याचं दुःख नव्हतं. या शर्यतीमुळे पोराला हवाई दलात जायला मदत झाली, याचंच त्यांना समाधान होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात थेल्मा विकाजी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. आता मुख्य गोष्टीकडे येते.

त्या काळी इंपीरिअल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणायची. कराचीला विमान थांबलं की पुढची पत्रं आगगाडीनं. म्हणजे हजारो मैल झपाट्यानं आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यात रखडायचं. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक एक कल्पना घेऊन टाटांकडे आला. कराचीहून पुढे अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी, मद्रास अशी जोडसेवा आपण चालवायची. मोठ्या कंपनीनं आणलेलं टपाल छोट्या कंपनीनं पुढे न्यायचं. आज अमेरिकेपासून भारतापर्यंत ज्याला प्रादेशिक विमानसेवा म्हणतात, तिचं आपल्याकडचं मूळ रूप हेच.

व्हिन्सेंट आणि जे.आर.डीं.नी सरकारकडे प्रस्ताव दिला. सरकारला थोडं अनुदान मागितलं. सरकार नाही म्हणालं. प्रस्ताव बदलला, पुन्हा नकार. तीन वर्षं कागद इकडून तिकडे फिरत राहिले. शेवटी टाटांनी सांगितलं, की अनुदान नको, तोट्याची हमीही नको. जितकं टपाल वाहू तितकेच पैसे द्या. एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. भांडवल होतं दोन लाख रुपये. दोन पुस मॉथ विमानं, मोजकेच वैमानिक, त्यांत हे दोघेही, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मेकॅनिक. झाली विमान कंपनी!

१५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी जे.आर.डी. कराचीच्या ड्रिग रोडवरून निघाले. एका इंजिनाचं विमान, रेडिओ नाही, खालून दिशा सांगणारं कुणी नाही. सोबत सुमारे २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घ्यायचं, ते डबे बैलगाडीतून आलेले. दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. आणखी एक गोष्ट वाचून मी सुखावले. आपल्याकडे खास हवाई टपालासाठी १९२९ मध्ये तिकिटं निघाली होती, ज्यांच्यावर पंचम जॉर्जच्या शेजारी विमानाचं चित्र होतं. ती छापली होती आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसनं. विमान ओझरला यायला कितीतरी वर्षं होती, पण हवाई टपालात नाशिकचा हात तेव्हापासूनच होता.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची सपाट जमीन. पावसाळ्यात तिथे चिखलच चिखल. मग चार महिने सगळा संसार पुण्याला हलवायचा आणि टपाल तिथून न्यायचं. एवढं असूनही पहिल्या वर्षात त्यांची सेवा वेळेच्या बाबतीत चुकली नाही. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात विमानं एक लाख साठ हजार मैल उडाली, १५५ प्रवासी आणि जवळजवळ दहा टन टपाल त्यांनी वाहिलं, आणि साठ हजार रुपये नफा झाला. सरकारी अधिकाऱ्यांनी इंपीरिअलच्या लोकांना सांगितलं म्हणे, की वक्तशीरपणा शिकायचा तर टाटांकडे जा. पुढच्या चार-पाच वर्षांत हैदराबाद, त्रिवेंद्रम, दिल्ली असे मार्ग वाढत गेले.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, सांगू? कंत्राटावर सही करणारा हात आणि विमान चालवणारा हात एकच होता. इंजिन बंद पडलं तर मालकच खाली पडणार होता. म्हणून मग हवामान वाईट आहे, मेकॅनिकला आणखी दोन तास हवेत, वैमानिक थकलाय, या गोष्टी त्याला कुणी समजावून द्याव्या लागल्या नाहीत. काम छोटं होतं, पैसे बेताचे होते, पण धोका कुणा तिसऱ्याच्या गळ्यात घातलेला नव्हता.

१९३८ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी जे.आर.डी. टाटा समूहाचे प्रमुख झाले. रोजचं उडणं सुटलं. जानेवारी १९४२ मध्ये, महायुद्धात, इंग्लंडहून परत येताना व्हिन्सेंट यांचं विमान पाडलं गेलं आणि जिवाभावाचा सोबती गेला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. त्यात जे.आर.डी. स्वतः होते.

त्याच सुमारास देशात जे चाललं होतं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. युद्ध संपलं तशी अमेरिकन लष्कराची जुनी डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली. ज्याला त्याला वाटलं, चला, आपणही विमान कंपनी काढू. सरकारनंही धडाधड परवाने दिले. जे.आर.डी. ओरडून सांगत होते, की एवढ्या कंपन्यांना पुरेल इतके प्रवासी देशात नाहीत. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. कल्पना फार छान होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास या चार दिशांहून विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरला यायची, तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी परत. रात्री उतरायची नीट सोय होण्याआधी हे करू नये, असं जे.आर.डीं.चं म्हणणं होतं. त्यावरून मंत्री रफी अहमद किडवाई यांच्याशी त्यांचा जाहीर खटका उडाला. जुन्या कंपन्या तयार नाहीत म्हटल्यावर काम गेलं नव्या, छोट्या कंपनीकडे.

१९५० मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीनं या धंद्याची चौकशी केली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त कंपन्यांना परवाने दिले गेले, असा तिचा निष्कर्ष होता. तोवर काही बुडाल्याही होत्या. शेवटी १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं. देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी सेवा एअर इंडियाकडे राहिली. जे.आर.डीं.चा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता. आपलं लेकरू हातातून काढून घेतल्यासारखं त्यांना वाटलं. पण नेहरूंनी विचारलं तेव्हा ते अध्यक्ष म्हणून राहिले आणि पुढची २५ वर्षं राहिले. विमानात बसले की वही घेऊन बसायचे. पडद्याचा रंग, चहाची चव, टॉयलेटची स्वच्छता, काही म्हणून सुटायचं नाही. घरातल्या कर्त्या बाईची नजर असते ना, अगदी तशी!

या आठ कंपन्यांत एक होती हैदराबादची डेक्कन एअरवेज. आपल्या देशातली पहिली व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथुर हिला चाळीसच्या दशकाच्या अखेरीला नोकरी दिली ती या छोट्या कंपनीनं. बाकीच्यांनी बाई म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणजे छोटी कंपनी वाईटच असते असं नाही. कधी कधी बाईला पहिली संधी तिथेच मिळते.

आणि जे.आर.डीं.च्या एअर इंडियात? इथे थोडं खरं बोलायला हवं. आपल्या पुरवण्यांतून १९७४ च्या पोस्टकार्डाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असं लिहिलं होतं, म्हणून सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे.आर.डीं.ना कार्ड टाकलं आणि त्यांना नोकरी मिळाली. ते खरंच. पण एअर इंडियात हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करायचं, नोकरीत चार वर्षं व्हायच्या आत लग्न केलं तर काढायचं, पहिलं मूल होणार म्हटलं की काढायचं, असे नियम होते. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या, तेव्हा १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टानं गरोदरपणाची अट रद्द केली. इंडियन एअरलाइन्सनं दुर्बा बॅनर्जींना १९६६ मध्ये वैमानिक म्हणून घेतलं. एअर इंडियानं पहिली महिला वैमानिक निवडली ती १९८८ मध्ये. पडद्याचा रंग बघणाऱ्या नजरेतून एवढी मोठी गोष्ट सुटली, याचं मला वाईट वाटतं. मोठ्या माणसांवर प्रेम करावं, पण डोळे उघडे ठेवून.

१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं जंबो जेट मुंबईहून उडताच समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाईंच्या सरकारनं जे.आर.डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केलं. ते त्यांना सरकारकडून आधी कळलंही नाही. त्यांच्या जागी नेमलेल्या एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडून कळलं. ४६ वर्षांचं नातं, आणि निरोपाची ही रीत! कंपनी ज्यानं काढली त्याचीही नोकरी टिकली नाही, तर आपल्या लेकीबाळींची काय कथा, असं क्षणभर वाटून जातं.

तरीही १५ ऑक्टोबर १९८२ ला, त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जे.आर.डी. कराचीहून मुंबईला पुन्हा छोटं विमान चालवत आले. एकटे. नव्या पिढीला धीर यावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसला, तिथल्या जुन्या दफनभूमीत, ते विसावले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू या. जे.आर.डीं.च्या काळातली जोडसेवा आणि आजची प्रादेशिक सेवा यांत फरक काय पडला? सही करणारा हात आणि विमान चालवणारा हात एकमेकांपासून फार लांब गेले, हा. अमेरिकेत तर ही रीतच झाली. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, पण चालवणारी कंपनी भलतीच, कंत्राट घेतलेली. वैमानिकाला पगार त्या छोट्या कंपनीचा. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलो शहराजवळ असंच एक विमान पडलं आणि पन्नास माणसं गेली. सहवैमानिक होती २४ वर्षांची मुलगी. तुटपुंजा पगार, त्यामुळे ती राहायची आई-वडिलांकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आलेली. चौकशीत हे सगळं बाहेर आलं. मग गेलेल्यांच्या घरच्यांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव असलाच पाहिजे असं ठरलं.

आपल्याकडे रीत थोडी वेगळी. ‘उडान’ योजनेत सरकार मार्गांसाठी बोली मागवतं. जी कंपनी कमी मदतीत तयार होईल तिला मार्ग. काही सीटचं भाडं ठरवून दिलेलं, त्याबदल्यात तीन वर्षं सरकारी पैशाचा आधार. तीन वर्षांनंतर ज्यानं त्यानं आपलं बघायचं. कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघा. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले सुरू झाले ३७१. तीन वर्षं पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ पर्यंत, आधार संपल्यावरही चालू राहिले फक्त ५४. प्रत्येक बंद मार्गामागे कुणी तरी वैमानिक असतो, ज्याच्या घरी हप्त्याचं पुस्तक असतं. जेट बंद पडली तेव्हा तर मोठ्या विमानांच्या अनुभवी वैमानिकांचेही काही महिन्यांचे पगार थकले होते.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकानं वाचलं. पण छोट्या गावांना जोडणारी अलायन्स एअर त्या व्यवहारात नव्हती. ती सरकारकडेच राहिली. १९३२ मध्ये सगळी कंपनीच मुळी छोट्या मार्गांवर उभी होती. नव्वद वर्षांनी छोटा मार्ग कुणाला नकोसा झाला. यात कुणा एकाला दोष देऊन भागत नाही. पेट्रोल महाग, प्रवासी मोजके, हे हिशेब खरेच आहेत. पण हिशेब चुकला की त्याची झळ आधी कुणाला लागते, हे आपण विचारायला हवं.

म्हणून मग मी त्या आयांना काय सांगते? मुलीला नाही म्हणू नका. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, इतकं फार थोड्या देशांत आहे. आपल्या सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये, दोन्ही वैमानिक बायका असलेलं विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं, तेही छोट्या मार्गावरचं छोटं फोकर विमान होतं. छोट्या मार्गाला कमी लेखू नका. हात तिथेच बसतो. पण संस्थेत पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा, की उडण्याजोगी विमानं किती आहेत आणि आधीच्या मुलींना २०० तास पुरे करायला किती महिने लागले. सगळी फी एकदम भरू नका. लायसन्स मिळाल्यावर दोन-तीन वर्षं नोकरी नाही लागली तर हप्ता कुठून येणार, हे आधी कागदावर मांडा. राहतं घर शक्यतो त्यात गुंतवू नका. मुलीला जोडीनं एखादी पदवी घेऊ द्या. जे.आर.डीं.नाही ती नसल्याची खंत होतीच. आणि नोकरी लागली की विचारा, पगार कोण देणार, मार्ग किती वर्षांचा आहे, तो बंद झाला तर पुढे काय. हे प्रश्न विचारताना संकोच वाटायचं काही कारण नाही. घरात कामवाली ठेवतानासुद्धा आपण सगळं बोलून घेतो.

ओझरच्या विमानात तुम्ही-आम्ही कधी बसलोच, तर उतरताना कॉकपिटच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला एक धन्यवाद जरूर म्हणा. टपालाच्या थैल्यांपासून सुरू झालेलं ते काम तिच्या हातात आहे. ते तिच्या हातात टिकावं, एवढंच आपलं मागणं.